पेनिसिलिन आले, गेले आणि पुन्हा आणावे लागले

पिंपरी-चिंचवडची ओळख आज मोटारी आणि त्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांमुळे आहे. पण या उद्योगनगरीची सुरुवात झाली ती एका औषध कारखान्यापासून. 1954 साली केंद्र सरकारने पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' ही कंपनी स्थापन केली. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफने हात दिला, तांत्रिक मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेने केले. स्वातंत्र्य मिळून जेमतेम सात वर्षे झाली होती आणि पेनिसिलिनसाठी परदेशाकडे डोळे लावून बसायचे नाही, असे सरकारने ठरवले होते.

हा कारखाना पेनिसिलिनच्या कुप्या भरण्यापुरता राहिला नाही. तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हॅमायसिन' हे बुरशीवरचे औषध शोधून काढले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. पुण्याशेजारच्या एका गावाचे नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात गेले, ते सरकारी कारखान्यातल्या एका प्रयोगशाळेमुळे.

त्याच देशात पुढे पेनिसिलिनचा कच्चा माल बनणे जवळपास थांबले आणि तो चीनहून येऊ लागला. 2024 साली आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जी बनवणारा मोठा कारखाना सरकारी प्रोत्साहनाच्या आधाराने सुरू झाला, तेव्हा ती राष्ट्रीय कामगिरी म्हणून सांगितली गेली. कामगिरी खरीच आहे. पण जी गोष्ट 1950 च्या दशकात जमली होती ती सत्तर वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून का जमवावी लागली, हा प्रश्न विचारल्याशिवाय विकसनशील देशाच्या तंत्रज्ञान धोरणाची चर्चा पुरी होत नाही.

भारतात विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाच्या दस्तऐवजांची वाण नाही. 1958 चा विज्ञान धोरण ठराव, 1983 चे तंत्रज्ञान धोरण निवेदन, 2003 आणि 2013 ची धोरणे, 2020 चा मसुदा. प्रत्येकात स्वावलंबन आहे, सामान्य माणूस आहे, संशोधनावरचा खर्च वाढवण्याचा निर्धार आहे. प्रत्यक्षात हा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. तरीही स्वस्त औषधे बनवून जगाला पुरवणारा देश म्हणून भारताचे नाव झाले. ते या दस्तऐवजांच्या बळावर झालेले नाही. पेटंटचा कायदा, सरकारी कारखाने, प्रयोगशाळा, रसायनशास्त्राचे शिक्षण आणि किमतींवरचे नियंत्रण या पाच गोष्टी वीस-पंचवीस वर्षे एकाच दिशेने चालल्या, म्हणून ते झाले.

पेटंट कायद्यापासून सुरुवात करावी लागते. स्वातंत्र्यानंतरही देशात 1911 चा ब्रिटिश काळातला कायदा चालू होता. औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळत असल्याने दुसऱ्या कुणाला ते औषध वेगळ्या पद्धतीनेही बनवता येत नसे. 1960 च्या सुमारास अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा जगात औषधे सर्वांत महाग असलेल्या देशांमध्ये भारताची गणना झाली. गरीब देशात औषधे महाग, असा तो उलटा न्याय होता. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 च्या अहवालात त्याचे मूळ दाखवून दिले. भारतातली बहुतेक पेटंट परदेशी कंपन्यांच्या नावावर होती आणि त्यांतल्या बहुतेकांचा वापर करून देशात काहीही बनत नव्हते. पेटंट घ्यायचे ते इथे कारखाना काढण्यासाठी नव्हे, दुसऱ्याला काढू न देण्यासाठी.

या अहवालावर 1970 चा पेटंट कायदा उभा राहिला आणि एप्रिल 1972 पासून तो अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट बंद झाले. बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल, तेही पाच ते सात वर्षांपुरतेच. म्हणजे त्याच औषधापर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचणारा रसायनशास्त्रज्ञ आता कायद्याने मोकळा होता.

पण वाट मोकळी झाली म्हणून चालणारी माणसे आपोआप मिळत नाहीत. पेटंटची बंधने सैल असलेले देश त्या काळात अनेक होते. औषधनिर्मिती मात्र बोटांवर मोजण्याइतक्या देशांतच रुजली. भारतात ती रुजली, कारण माणसे आधीपासून घडत होती. मुंबईत माटुंग्याला रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग होता, ज्याला जुनी माणसे अजून 'यूडीसीटी' म्हणतात. पुण्यात 1950 पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती. लखनौला केंद्रीय औषध संशोधन संस्था होती. पिंपरीचा कारखाना होता, आणि 1961 पासून सोव्हिएत मदतीने उभी राहिलेली 'इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स' ही सरकारी कंपनी होती.

डॉ. अंजी रेड्डी यांचा प्रवास पाहिला की ही साखळी स्पष्ट दिसते. शिक्षण माटुंग्याच्या यूडीसीटीत, डॉक्टरेट पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेत, अनुभव हैदराबादच्या सरकारी औषध कारखान्यात, आणि मग 1984 साली स्वतःची 'डॉ. रेड्डीज' कंपनी. आज हैदराबाद हे औषध उद्योगाचे केंद्र म्हणून मिरवते. त्या उद्योगाची पहिली फळी मोठ्या प्रमाणात सरकारी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली होती. सरकारी कंपन्या तोट्यात गेल्या, आजारी पडल्या, त्यांच्यावर टीका झाली आणि ती अनेक बाबतींत रास्तही होती. पण त्यांच्या ताळेबंदात एक रक्कम कधीच दिसली नाही. त्यांनी घडवलेल्या माणसांची किंमत कुणी जमेला धरली नाही.

दुसरे उदाहरण अंगणातले आहे. सदाफुलीच्या झाडात व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन हे आजही महत्त्वाचे औषध आहे. ही द्रव्ये वेगळी काढण्याची पद्धत पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने बसवली आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती उत्पादनात आणली. हेच रामाराव पुढे हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथे एड्सवरच्या झिडोव्यूडिन या औषधाची स्वस्त पद्धत तयार झाली आणि तीही सिप्लाकडेच आली. संशोधन सरकारी, उत्पादन खासगी, आणि दोघांच्या डोक्यावर 1970 च्या कायद्याचे छप्पर.

या सगळ्याचे फळ 2001 साली जगासमोर आले. आफ्रिकेत एड्सने गावेच्या गावे रिकामी होत होती. औषधे होती, पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा हाच उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एक डॉलरहून कमी.

किमतीइतकीच गोळीही पाहण्यासारखी होती. स्टॅव्ह्यूडिन, लॅमिव्ह्यूडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधे सिप्लाने एकाच गोळीत बसवली. ती सकाळी एक आणि रात्री एक घ्यायची. पाश्चात्त्य बाजारात या तिन्हींचे हक्क तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते, त्यामुळे तिथे अशी एकत्र गोळी निघणे अवघड होते. भारतात रेणूवर पेटंट नसल्याने ती निघाली. ज्या गावात दवाखाना कोसभर दूर आहे तिथल्या रुग्णाला वेगवेगळ्या डब्यांतल्या मूठभर गोळ्या वेळापत्रकाप्रमाणे घेण्याऐवजी दोनच गोळ्या घ्याव्या लागणे, याचा अर्थ उपचार टिकणे आणि माणूस जगणे. मुंबईतल्या कंपनीची गोळी झांबिया, मलावीपर्यंत पोहोचली, त्यामागे दिल्लीत तीस वर्षांपूर्वी झालेला कायदा होता.

इतर विकसनशील देशांनीही आपापल्या परीने हे केले. बांगलादेशाने 1982 साली डॉ. झफरुल्ला चौधरी यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय औषध धोरण आणले, अनावश्यक किंवा घातक ठरलेली सतराशेच्या आसपास औषधे बाजारातून काढली आणि अत्यावश्यक औषधे देशी कंपन्यांकडे सोपवली. आज त्या देशाची औषधांची जवळजवळ सगळी गरज देशातच भागते, कच्चा माल मात्र बाहेरून येतो. ब्राझीलने 1996 साली एड्सची औषधे कायद्याने मोफत केली. 2007 मध्ये एफाव्हिरेन्झ या औषधाची किंमत पुरेशी उतरेना तेव्हा सक्तीचा परवाना काढून आधी भारतातून ते मागवले आणि दोन वर्षांत स्वतःच्या सरकारी संस्थेत बनवले. सरकार नुसते भाव करत बसले नाही. बनवण्याची धमक हाताशी होती, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले.

लसीचे उदाहरण पुण्याचेच. आफ्रिकेच्या 'मेंदूज्वर पट्ट्या'त 1996-97 च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि पंचवीस हजारांच्या आसपास दगावले. तिथल्या आरोग्य खात्यांचे म्हणणे साधे होते: लस अर्ध्या डॉलरहून महाग असेल तर ती आम्हाला परवडणार नाही. त्या किमतीपासून मागे हिशेब करत लस तयार झाली. लस जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या सरकारी औषध नियामकाच्या प्रयोगशाळेने दिली, उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केले आणि डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले. मेंदूज्वराच्या ज्या प्रकारासाठी ही लस होती, तो त्या पट्ट्यातून जवळपास हद्दपार झाला. इथे किंमत आधी ठरली, खरेदीदार आधी ठरला, मग तंत्रज्ञान आले. सरकारी योजनांमध्ये हा क्रम बहुधा उलटा असतो.

मग पेनिसिलिन का गेले?

पेनिसिलिन-जी बनवणे हे गोळ्या बनवण्याहून फार वेगळे काम आहे. बुरशी मोठमोठ्या पोलादी टाक्यांमध्ये वाढवावी लागते. तिला साखर थोडी थोडी, मापून द्यावी लागते. टाकीत अखंड हवा सोडावी लागते आणि ती हवा जंतुविरहित असावी लागते. ढवळणे थांबता कामा नये, तापमान हलता कामा नये. हे काही दिवस रात्रंदिवस चालते. मध्येच वीज गेली किंवा बाहेरचा जंतू शिरला तर अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. नफा ठरतो तो बुरशीचा वाण किती उत्पादन देतो त्यावर, आणि वीज, वाफ व साखर कोणत्या दराने मिळते त्यावर. याच पेनिसिलिन-जीपासून पुढे ॲमॉक्सिसिलिन आणि ॲम्पिसिलिन बनतात. घशाच्या जंतुसंसर्गापासून न्यूमोनियापर्यंत कोपऱ्यावरच्या 'मेडिकल'मध्ये रोज विकली जाणारी ही औषधे.

चीनने या टाक्यांवर मुक्काम ठोकला. प्रचंड क्षमता उभारली, वाण सुधारत नेले, स्थानिक सरकारांनी जमीन आणि वीज पुरवली. भारताने 1991 नंतर आयात खुली केली. पण पिंपरीच्या आणि 'इंडियन ड्रग्ज'च्या ऋषिकेशमधल्या सरकारी कारखान्यांना ना नवे भांडवल दिले, ना स्वतंत्र कारभार, ना वाण सुधारण्यासाठी टिकाऊ संशोधन. खासगी कंपन्यांनी साधा हिशेब केला: कच्चा माल चीनहून स्वस्त मिळतो, तर गोळी बनवून अमेरिकेला विकण्यातच नफा आहे. कंपनीपुरता तो हिशेब चुकीचा नव्हता. देशाचा हिशेब मात्र कुणीच मांडला नाही. होता होता आयात होणाऱ्या औषधी कच्च्या मालात चीनचा वाटा दोन-तृतीयांशाच्या घरात गेला. 2020 साली करोनाने चीनमधले कारखाने थांबले, तेव्हा हे परावलंबन दिल्लीला दिसले आणि कच्च्या मालासाठी 6,940 कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना आली. काकीनाड्याचा कारखाना त्याच योजनेतला.

या योजनेत टाक्यांवर बनणाऱ्या औषधांना पहिली चार वर्षे विक्रीच्या 20 टक्के, मग 15 आणि शेवटच्या वर्षी 5 टक्के अनुदान आहे. सहा वर्षांनी शून्य. ज्या उद्योगात वाण सुधारायलाच दशक जाते तिथे सहा वर्षांचा टेकू अपुरा आहे. समोरच्याने भाव पाडला तर नवा कारखाना पुन्हा तसाच बंद पडेल, आणि पूर्वी नेमके हेच झाले होते. अनुदानापेक्षा खात्रीची गिऱ्हाइकी अधिक उपयोगी पडते. केंद्र आणि राज्ये मिळून सरकारी रुग्णालयांसाठी प्रतिजैविकांची मोठी खरेदी करतात. त्यातला ठरावीक हिस्सा देशी कच्च्या मालापासून बनलेल्या औषधांचा असेल, असे दहा वर्षांसाठी जाहीर केले तर बँकाही कर्ज देतील आणि कंपन्याही संशोधनात पैसा घालतील. सुधारित वाणांचे संशोधन मात्र सरकारी प्रयोगशाळांनीच करावे आणि ते सर्व उत्पादकांना खुले ठेवावे. पिंपरीची सुरुवात अशाच खुल्या मदतीतून झाली होती.

सरकारने उद्योगात पडू नये, बाजार सगळे पाहून घेतो, असा युक्तिवाद यावर होईल. पण पेनिसिलिनच्या बाजारात सरकार होतेच. ते चीनचे होते.

कच्च्या मालानंतर दुसरी आघाडी कायद्याची. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 2005 पासून भारताला औषधाच्या रेणूवर पुन्हा पेटंट द्यावे लागले. तेव्हा संसदेने कायद्यात कलम 3(ड) घातले: जुन्याच औषधात किरकोळ बदल करून, परिणाम न वाढवता, नवे पेटंट मिळणार नाही. याच कलमावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाबाबत नोव्हार्टिसचे अपील फेटाळले. त्याआधी 2012 मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हारसाठी देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला आणि महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,800 रुपयांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो परवाना कायम ठेवला. त्यानंतर मात्र असा दुसरा परवाना दिला गेला नाही.

आता ही तटबंदी आतून ढिली होते आहे. पेटंट घेतलेली वस्तू देशात प्रत्यक्ष बनते-विकली जाते का, याचे निवेदन पूर्वी दरवर्षी द्यावे लागे. मार्च 2024 च्या नियमबदलाने ते तीन वर्षांतून एकदा झाले. अय्यंगारांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवले होते त्याचीच माहिती आता कमी मिळणार. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात औषधे मिळवण्यासाठी कंपनीच्या मर्जीने मिळणाऱ्या परवान्यालाच पसंती नोंदवली आहे. करारापूर्वी या कलमांवर संसदेत खुली चर्चा झाली नाही. मद्य आणि मोटारींवरील करसवलतीच्या बातम्या झाल्या, औषधाची कलमे मागच्या पानांत राहिली.

आणि सगळ्यांत दुखरी बाजू दर्जाची. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने 14 रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनापासून खरेदीपर्यंतचा सारा भोंगळ कारभार उघड केला. 2022 मध्ये गांबियात किमान 66 मुलांच्या मृत्यूंशी भारतीय सिरपचा संबंध जोडला गेला, आणि त्या सिरपांत जागतिक आरोग्य संघटनेला हेच विष सापडले. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे वीसहून अधिक मुले गेली. त्या खोकल्याच्या औषधात हेच द्रव्य जवळपास 48 टक्के होते. चाळीस वर्षांत विष तेच आणि पळवाटही तीच: स्वस्त द्रावक विकत घ्यायचा आणि न तपासता मिसळायचा. ही तपासणी ठाऊक आहे, यंत्रे उपलब्ध आहेत. कमतरता आहे ती निरीक्षकांची, प्रयोगशाळांची आणि जबाबदार अधिकाऱ्याला घरी पाठवण्याच्या इच्छेची. गोळी स्वस्त मिळवून देणाऱ्या देशाला ती निर्धोक आहे हेही सिद्ध करावे लागेल. नाहीतर आफ्रिकेतल्या आया भारतीय बाटली हातात घ्यायला घाबरतील.

महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहत बसायचे कारण नाही. तमिळनाडूने 1990 च्या दशकाच्या मध्यावर सरकारी वैद्यकीय सेवा महामंडळ काढले. राज्यासाठी एकत्र खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे, प्रत्येक रुग्णालयाला ठरावीक रकमेचे पासबुक, आणि तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय औषध गोदामातून बाहेर नाही, अशी त्याची रीत आहे. महाराष्ट्राने 2023 साली कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. पण जिल्हा रुग्णालयात 'हे बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हातात पडणे अजून संपलेले नाही.

या प्राधिकरणाने तीन गोष्टी ताबडतोब कराव्यात. कोणत्या गोदामात कोणते औषध किती शिल्लक आहे हे रोज लोकांसमोर ठेवावे. प्रत्येक खेपेच्या तपासणीचा निकाल उत्पादकाच्या नावासह प्रसिद्ध करावा. आणि प्रतिजैविकांच्या निविदेत कच्चा माल कोणत्या कारखान्यातून आला हे सांगणे सक्तीचे करून देशी मालासाठी काही वर्षांचा हिस्सा राखून ठेवावा. यासाठी नवे धोरणपत्र नको, नवा कायदा नको. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हे सभागृहात जाहीर केले, तर त्याच्या अंमलबजावणीचा हिशेब पुढच्या अधिवेशनात मागता येईल.